काळेपणाच्या दोन कहाण्या : कार्बन नॅनोट्यूबचा पापुद्रा आणि दूर-अवरक्त किरण

(वसईत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कमरेला बांधायचा पट्टा घेतला. एका हॉलमध्ये प्रात्यक्षिक होतं, चहा-बिस्किटं होती, आणि शेवटी पट्टा होता. काळ्या कापडाचा. त्याला ना तार, ना बॅटरी. पत्रकावर लिहिलेलं, 'नॅनो कार्बन, फार इन्फ्रारेड'. काका मला म्हणाले, "बाई, नुसतं इन्फ्रारेड नाही हं, फार इन्फ्रारेड!" (हशा) त्यांना ते 'फार' आपलं मराठीतलं वाटलं होतं. मी सांगितलं, काका, हे इंग्रजीतलं 'फार' आहे, म्हणजे दूरचं. मग त्यांनी सरळ विचारलं, "ते असू दे. कार्बन नॅनोट्यूब हे किरण शोषतात, हे खरं की खोटं?"

इथे माझी अडचण झाली. कारण ते खरं आहे. मी 'खरं आहे' म्हणाले, आणि काकांचा चेहरा उजळला. म्हणजे साडेसात हजार रुपये वाया गेले नाहीत. माझ्या खऱ्या उत्तरामुळे त्यांचा खोटा समज आणखी पक्का झाला. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं मी, पण त्या दिवशी घरी आल्यावर चैन पडेना.

मग मी या विषयावरचं जे काही मिळालं ते वाचायला बसले, आणि एक गंमत सापडली. काकांची जी चूक झाली, एक खरी गोष्ट हाती आली की तीच कारण आहे असं मानायची, तशीच चूक अगदी मोठ्या प्रयोगशाळांमध्येही काही वर्षं वावरत होती. याच विषयात, याच पापुद्र्याबद्दल. आज मला त्या वादाची चिकित्सा करायची आहे. एखाद्या कथेची समीक्षा करताना आपण विचारतो ना, की हे पात्र असं वागलं त्याचं लेखकाने दिलेलं कारण पटतं का? तसंच आज एका आलेखाबद्दल विचारायचं आहे.

मीठ आणि काजळी

आधी हे किरण कोणते ते बघू. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त सुरू होतं. आपल्या अंगातून जी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडते, तिचा जोर साधारण साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. त्याच्याही पलीकडे, ढोबळमानाने 25-30 मायक्रोमीटरपासून पुढे मिलिमीटरपर्यंत, तो दूर-अवरक्ताचा प्रदेश. त्याच्या मोठ्या भागाला हल्ली टेराहर्ट्झ असंही म्हणतात. लक्षात ठेवा, पत्रकवाल्यांचं 'फार इन्फ्रारेड' अनेकदा हे नसतंच. त्यांना अंगाची नऊ-दहा मायक्रोमीटरची ऊब म्हणायची असते. म्हणजे नावापासूनच घोळ आहे.

या प्रदेशाशी वसईचं एक नातं आहे, मिठामुळे. आपल्या मिठागरांतला हा पांढरा खडा. एकच मोठा स्वच्छ स्फटिक घेतला तर मीठ दिसणाऱ्या प्रकाशाला पारदर्शक असतं, जवळच्या अवरक्तालाही. पण सुमारे 51 मायक्रोमीटरपाशी ते एकदम आरशासारखं वागायला लागतं. बर्लिनमध्ये हाइनरिख रूबेन्स याने याचाच उपयोग केला. किरण मिठाच्या स्फटिकांवरून पुन्हा पुन्हा परावर्तित करायचे. बाकीचे गळून जातात आणि तेवढे 51 मायक्रोमीटरचे 'उरलेले किरण' हाती राहतात. या किरणांवर केलेल्या मोजमापांत जुनं सूत्र बसत नाही, हे 7 ऑक्टोबर 1900 च्या रविवारी रूबेन्सने माक्स प्लांकला त्याच्या घरी सांगितलं, आणि 19 ऑक्टोबरला प्लांकने आपलं नवं सूत्र सभेत मांडलं. पुंज सिद्धांताचा पाया असा मिठाच्या खड्यावर उभा आहे.

मीठ पांढरं. आता काळ्याकडे येऊ. किरण मोजायचे तर ते शोषून घेणारं काहीतरी लागतं, म्हणून जुने लोक उष्णतामापकाला दिव्याची काजळी फासत. काजळीइतकं काळं दुसरं काय? पण दूर-अवरक्तात गेल्यावर काजळीचा पातळ थर किरण अडवेनासा होतो. ते आरपार जातात! आजही दूर-अवरक्ताच्या उपकरणांत काळ्या पॉलिथिनची चकती गाळणी म्हणून बसवतात. त्यात काजळीच मिसळलेली असते. ती दिसणारा प्रकाश अडवते आणि दूर-अवरक्त सोडून देते. म्हणजे आपल्याला जे ठार काळं, ते त्या किरणांना काचेसारखं.

आणि कार्बन नॅनोट्यूबचा पापुद्रा? तोही कार्बनच. कित्येकदा इतका पातळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता येईल. पण दूर-अवरक्त मात्र तो जोरात शोषतो.

आता बघा, कोडं उभं राहिलं. एकच मूलद्रव्य. एक रूप डोळ्यांना काळं आणि तिकडे पारदर्शक. दुसरं रूप डोळ्यांना जवळजवळ पारदर्शक आणि तिकडे काळं. तेव्हा 'कार्बन काळा असतो म्हणून शोषतो' हे वाक्य इथेच मोडीत निघालं. आपल्या विज्ञानविषयक लेखांत मी ते अनेकदा वाचलंय. कधीकाळी वर्गात मीसुद्धा बोलले असेन.

आलेखातला उंचवटा

नॅनोट्यूब म्हणजे काय हे थोडक्यात. 1991 साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी एकात एक बसलेल्या कार्बनच्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. 1993 साली एकपदरी नळ्या मिळाल्या. व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. लांबी मात्र शेकडो नॅनोमीटर ते कित्येक मायक्रोमीटर. कार्बनच्या अणूंची षट्‌कोनी जाळी असलेला एक पदर घ्यायचा आणि चटईसारखा गुंडाळायचा. चटई सरळ गुंडाळली की तिरकी, यावर कडेची नक्षी कशी जुळते ते ठरतं. इथे त्यावर नळीचा स्वभाव ठरतो. सगळ्या प्रकारांत सुमारे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक.

अशा अब्जावधी नळ्या द्रवात विखरून, गाळून, वाळवून जो पापुद्रा मिळतो त्याची विद्युत्‌वाहकता वेगवेगळ्या तरंगलांबीला मोजली. साध्या धातूत काय व्हायला हवं? तरंगलांबी वाढत जाते तशी वाहकता वाढते आणि मग स्थिर होते. इथे मात्र ती वाढते, साधारण शंभर मायक्रोमीटरच्या आसपास उंचवटा येतो, आणि पुढे उतरते. नमुन्यागणिक जागा थोडी इकडेतिकडे होते, पण उंचवटा असतोच. सगळा वाद या उंचवट्यावरचा.

पहिली कहाणी अशी. ज्या नळ्यांना आपण 'धातूसारख्या' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच पूर्ण धातूसारख्या नसतात. पदर गुंडाळताना अणूंमधले बंध वाकतात, आणि त्या वाकण्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत एक बारीकशी फट पडते. ती ओलांडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्याच ऊर्जेचा किरण शोषला जाणार, म्हणून उंचवटा. 1997 साली केन आणि मेले यांनी या फटीचा सिद्धांत मांडला होता. 1999 साली उगावा, रिंझलर आणि टॅनर यांनी नळ्यांच्या पापुद्र्यांचा दूर-अवरक्त वर्णपट मोजला, आणि शोधनिबंधाच्या नावातच 'फट' हा शब्द घातला. 2001 साली हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने एकेका नळीवर सूक्ष्म टोक नेऊन ती फट प्रत्यक्ष मोजली. एका जातीच्या तीन नळ्यांत ती 0.080, 0.042 आणि 0.029 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरली. नळी जाड तशी फट लहान. आता काय राहिलं? सिद्धांत आहे, मोजमाप आहे, उंचवटा आहे. प्रकरण मिटलं.

दुसरी कहाणी पूर्णपणे वेगळी आहे. ती म्हणते, फट राहू द्या बाजूला. नळी म्हणजे एक अँटेना आहे. किरणाचं विद्युत क्षेत्र नळीच्या लांबीवर पडलं की आतले सगळे इलेक्ट्रॉन मिळून या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावतात. विरार लोकलच्या डब्यात एका दारातून रेटा आला की अख्खा डबा दुसऱ्या बाजूला कलतो आणि परत येतो. कोणी एक माणूस डबाभर चालत जात नाही, रेटा जातो. या सामुदायिक हेलकाव्याला प्लाझमॉन म्हणतात. नळीची लांबी त्या हेलकाव्याला ज्या कंप्रतेशी जुळते, तिथे शोषण जोरात. म्हणून उंचवटा.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या मायक्रोमीटरची नळी आणि शंभर मायक्रोमीटरचा किरण, जुळणार कसे? घराच्या गच्चीवरची अँटेना साधारण अर्ध्या तरंगलांबीची असते. इथे नळी शंभरपट आखूड पडते! उत्तर असं, की नळीत इलेक्ट्रॉनना जायला वाटा मोजक्याच. थोड्या इलेक्ट्रॉननी सगळा प्रवाह वाहायचा म्हणजे त्यांचं स्वतःचं जडत्व आड येतं, आणि नळीवरून जाणारी लाट प्रकाशाच्या जवळपास शंभरपट हळू चालते. वेग शंभरपट कमी, तर त्याच कंप्रतेला लाटेची लांबीही शंभरपट कमी. शंभर मायक्रोमीटरचा किरण नळीवर एक मायक्रोमीटरचा होतो, त्याचा अर्धा म्हणजे अर्धा मायक्रोमीटर. जुळलं की नाही? मिन्स्कच्या स्लेप्यान, माक्सिमेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 पासून हा अँटेनाचा सिद्धांत तपशिलाने मांडला आणि 2010 मध्ये थेट याच उंचवट्याला लावला.

दोन्ही कहाण्या जुळतात, मग?

खरा पेच इथेच आहे. दोन्हींचं उत्तर शंभर मायक्रोमीटरच्या आसपास येतं. आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं धरलं, तर दोन्ही कारणं खरी ठरतील.

पहिल्या कहाणीतली कच्ची जागा मला वाचता वाचता दिसली. तुम्हीही वहीत करून बघा. शंभर मायक्रोमीटर म्हणजे सुमारे 0.012 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची उष्ण धडपडच मुळी 0.026 इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, म्हणजे फटीच्या दुप्पट. फटीच्या खालचे इलेक्ट्रॉन आधीच वर उड्या मारून बसलेत. वर जागा भरलेल्या, खाली जागा रिकाम्या. मग किरण शोषून कोणाला वर चढवायचं? हिशेब केला तर नुसत्या फटीमुळे होणारं शोषण थंड नमुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. म्हणजे खोलीच्या तापमानाला असा उंचवटा फार पुसट व्हायला हवा. तो तसा ठसठशीत दिसतो, हीच शंका घ्यायची जागा होती.

दुसरं, हार्वर्डचे आकडे बघा. 0.029 इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे 43 मायक्रोमीटर, 0.080 म्हणजे साडेपंधरा. जाड किंवा वेगळ्या वळणाच्या नळ्यांत फट याहून लहान, म्हणून शंभरपर्यंत जाता येतं, हे बरोबर. पण पापुद्र्यात तर सगळ्या वळणांच्या नळ्या मिसळलेल्या. जुळणी होती ती पट्टीची, बिंदूची नव्हती.

दुसऱ्या कहाणीवरही टीका करता येते, आणि करायला हवी. अँटेनाचं गणित एका सुट्या, सरळ, ठरावीक लांबीच्या नळीसाठी आहे. पापुद्रा म्हणजे शेवयांचा गुंता. नळ्या जुड्यांनी चिकटलेल्या, एकमेकींवर आडव्या पडलेल्या, मध्ये मध्ये दोष असलेल्या. त्यातून साधी वीजही वाहते, म्हणजे इलेक्ट्रॉन एका नळीतून दुसरीत उडी मारतात. मग 'लांबी' म्हणायची कोणती? नळीची, जुडीची, की दोन दोषांमधल्या तुकड्याची? सोयीची लांबी धरली तर कोणताही उंचवटा जुळवता येईल. जी कहाणी कशालाही जुळते तिच्यावर विश्वास का ठेवायचा?

म्हणून निवाडा जुळण्यावर होऊ शकत नव्हता. ज्या प्रयोगात दोन्ही कहाण्या वेगवेगळं भाकीत करतील, असा प्रयोग हवा होता.

आपल्या वसईच्या घंटा आठवा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. घंटेचा आवाज कशावर ठरतो? धातूवर ठरतो, तसा आकारावरही ठरतो. आता समजा, दोन माणसांत वाद आहे. एक म्हणतो हा सूर धातूचा, दुसरा म्हणतो मापाचा. काय कराल? त्याच धातूची लहान घंटा ओताल. सूर चढला तर मापाचा. हलला नाही तर धातूचा.

नळ्यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं गेलं. नळी आखूड केली म्हणून तिची फट बदलत नाही, कारण फट व्यास आणि वळणावर ठरते. पण अँटेना आखूड केली तर सूर चढलाच पाहिजे. 2012 साली मिन्स्कच्या शुबा आणि सहकाऱ्यांनी लांब आणि आखूड नळ्या दुसऱ्या पदार्थात मिसळून तुलना केली. 2014 साली जपानमध्ये मोरिमोतो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांची पद्धतशीर मालिकाच मोजली. लांबी कमी होत गेली तसा उंचवटा आखूड तरंगलांबीकडे सरकत गेला. सूर चढला.

मधल्या काळात, 2013 मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जुनिचिरो कोनो यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने घाव घातला. त्यांनी धातूसारख्या आणि अर्धवाहक नळ्या वेगळ्या करून दोघींचे वेगवेगळे पापुद्रे मोजले. अर्धवाहक नळीची फट वाकण्यातून आलेली नसते, आणि ती कितीतरी पट मोठी असते, दूर-अवरक्ताच्या आवाक्याबाहेरची. फटीची कहाणी खरी असती तर अर्धवाहक पापुद्र्यात उंचवटा दिसायला नको. तो दोन्हीत दिसला.

हा शोधनिबंध या वादातला निर्णायक मानला जातो, आणि मला तो आवडतोही. तरी माझी एक तक्रार आहे. शुद्ध अर्धवाहक नळीत हेलकावायला मोकळे इलेक्ट्रॉन नसतातच. मग उंचवटा आला कुठून? तर पापुद्रा करताना, धुताना, हवेतूनही नळ्यांना बाहेरचे भार मिळतात आणि त्या वाहक होतात. म्हणजे पुराव्याचा एक पाय नकळत झालेल्या भेसळीवर उभा आहे. त्याने फटीची कहाणी बाद होते, हे मान्य. पण अँटेनाची कहाणी सिद्ध होते ती लांबी बदलण्याच्या प्रयोगांनी. एकाला बाद करणं आणि दुसऱ्याला सिद्ध करणं ही दोन कामं आहेत. 2013 चा निबंध पहिलं काम चोख करतो. दुसऱ्या कामाचं श्रेय मिन्स्क आणि जपानला मी जास्त देईन.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. फट खोटी नव्हती. हार्वर्डने मोजली ती खरोखर आहे. ती आहे, पण उंचवटा तिने केलेला नाही. गुन्हा घडला तेव्हा माणूस गावात होता, एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही.

आता काजळीचं कोडंही सुटतं. काजळीचे कण दहा-वीस, फार तर काही दहा नॅनोमीटरचे. इलेक्ट्रॉनना हेलकावायला अंगणच नाही. शंभर मायक्रोमीटरच्या संथ लाटेला तिथे काही दाद मिळत नाही, ती निघून जाते. नळीत अंगण अरुंद आहे, पण लांब आहे. त्यामुळेच नळ्या एका दिशेला लावलेल्या असतील तर लांबीच्या दिशेने कंप पावणारा किरण शोषला जातो आणि आडवा किरण जवळजवळ तसाच पार होतो. जपानी गटाने 2006 मध्ये ताणलेल्या पापुद्र्यात हा फरक दाखवला, आणि 2009 मध्ये राइसच्या गटाने यातून टेराहर्ट्झ किरणांची दिशा-गाळणीच बनवली.

नव्व्याण्णव टक्क्यांचं काय?

लोकप्रिय लेखांत एक आकडा फिरतो : नॅनोट्यूब 99 टक्के प्रकाश शोषतात. हा आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्याच वस्तूचा आहे. 2009 साली जपानच्या मिझुनो आणि सहकाऱ्यांनी उभ्या नळ्यांचं रान वाढवलं आणि 0.2 ते 200 मायक्रोमीटरपर्यंत त्याचं शोषण 98 ते 99 टक्के मोजलं. 2014 मध्ये गाजलेलं व्हॅन्टाब्लॅक याच कुळातलं. तिथे युक्ती वेगळी आहे. रान इतकं विरळ, की किरणाला हवेतून आत शिरताना उंबरठाच लागत नाही. आत गेला की नळ्यांमध्ये भटकत संपतो. दाट उसात शिरलेल्या ढोरासारखा, बाहेर यायचं नाव नाही.

आडवा पातळ पापुद्रा हे करूच शकत नाही, आणि यामागे साधं गणित आहे. हवेत टांगलेला, तरंगलांबीच्या मानाने खूप पातळ असा कोणताही वाहक पापुद्रा घ्या. त्याच्या एका चौरसाचा विद्युतरोध 188 ओहमच्या आसपास असेल तेव्हा तो जास्तीत जास्त शोषण करतो, आणि ते जास्तीत जास्त म्हणजे निम्मं. पाव परत फिरतं, पाव पार जातं. रोध कमी केला तर तो आरसा होतो, वाढवला तर काच होतो. निम्म्याच्या वर जायचं तर मागे आरसा हवा, नेमक्या अंतरावर. तेव्हा 'अतिपातळ नॅनो थर, 99 टक्के शोषण' असं कुठे वाचलंत तर विचारा : रान की पापुद्रा? मागे काय ठेवलंय? जाडी किती?

आपल्याकडचं

हे सगळं परदेशातलंच झालं असं वाटेल. पण बघा, इथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता : नळ्या करायला महागडे वायू कशाला? त्यांनी रॉकेलपासून कार्बनच्या नळ्या आणि थर केले, 1999 मध्ये जपानी सहकाऱ्यांबरोबर ते प्रसिद्ध झालं. आणि आपल्या आरतीतला कापूर! कापरापासून नळ्या करण्याचं काम मुकुल कुमार यांनी पुढे नागोयाला योशिनोरी आंदो यांच्याकडे वाढवलं. कापूर तसा जळतो तेव्हा काजळी होते. तोच कापूर बंद नळीत, योग्य तापमानाला, लोहासारख्या उत्प्रेरकाबरोबर तापवला तर नळ्या होतात. तेच द्रव्य, वेगळं रूप. माझ्या आजच्या सगळ्या भाषणाचा मुद्दा त्या कापरात आहे.

आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण 1980 च्या दशकापासून हैदराबादहून फुग्याला बांधून आकाशात पाठवली. फुगा कशाला? कारण हे किरण हवेतली वाफ गिळून टाकते. आपल्या दमट किनाऱ्यावर शंभर मायक्रोमीटरचा किरण थोड्याच अंतरात संपतो. तारे जिथे जन्मतात त्या धुळीच्या ढगांचा उजेड बघायचा तर वाफेच्या वर जायला हवं. शोषक थर नेमका कसा वागतो, कुठल्या तरंगलांबीला किती, हा प्रश्न अशा लोकांसाठी जाहिरातीचा नसतो. तिथे शोधक चुकला तर तारा चुकतो.

परत पट्ट्याकडे

काकांना मी पुन्हा भेटले. म्हटलं, काका, माझं उत्तर अर्धवट होतं. नळ्या शोषतात हे खरं. पण किर्खहोफचा 1860 च्या सुमाराचा नियम आहे : जो जेवढा चांगला शोषक, तेवढाच चांगला उत्सर्जक. तुमच्या पट्ट्याला बॅटरी नाही. म्हणजे तो तुमच्याकडून ऊब घेणार आणि तुमच्याच तापमानाला येऊन तीच परत देणार. आणि माणसाची त्वचा, कुठल्याही रंगाची असो, अंगाच्या उबेच्या तरंगलांबीला आधीच सुमारे 98 टक्के 'काळी' आहे. पट्ट्याने यात भर ती काय घालायची? पट्टा बांधून बरं वाटतं, कारण कमरेला आधार मिळतो आणि वारा लागत नाही. ते काम गोधडीही करते.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी खोटं सांगितलं नाही." मी म्हटलं, नाही. त्यांनी खरं सांगितलं आणि 'म्हणून' हा शब्द चुकीच्या जागी घातला.

मंडळी, तो 'म्हणून' तपासायला आपण शिकलो पाहिजे. प्रयोगशाळांनी तो तपासला. वेळ लागला, आकडे जुळत असूनही काहींनी समाधान मानलं नाही, नळ्या आखूड केल्या आणि पाहिलं. काकांच्या हॉलमध्ये आखूड करून पाहायला कोणी देत नाही. म्हणून तिथे प्रश्न आपण विचारायचा : हे कारण खोटं असतं, तर काय वेगळं दिसलं असतं?

(टाळ्या)

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मॅडम, मग फटीच्या कहाणीवर काम करणाऱ्यांचं काम फुकट गेलं का?

उत्तर : अजिबात नाही. त्यांची मोजमापं आजही वापरतात, उंचवटा त्यांनीच जगापुढे ठेवला. चुकला तो अर्थ. मोजमाप नीट केलेलं असेल तर चुकीचा अर्थ लावणाऱ्याचाही पुढच्याला उपयोग होतो. मोजमापातच लबाडी असेल तर मात्र काहीच उरत नाही.

प्रश्न : घरी काजळी आणि दूर-अवरक्ताचा प्रयोग करता येईल का?

उत्तर : दूर-अवरक्ताचा नाही येणार, त्याला साधनं लागतात. पण जवळपासचं एक करता येईल. कोणाकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असेल, इलेक्ट्रिशियन लोकांकडे हल्ली असतो, तर कचऱ्याची काळी पातळ पिशवी चेहऱ्यापुढे धरा. डोळ्यांना तुम्ही दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसाल. मग पिशवी काढून साधी काच धरा. आता डोळ्यांना दिसाल, कॅमेऱ्याला नाही. मुलांना हे एकदा दाखवा. काळं म्हणजे काय, हे भाषण न करता समजेल.